गढूळ पाण्यात टिकेल तोच संपर्क खरा

१४ ऑगस्ट २०१३ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ या पाणबुडीत स्फोट झाले आणि ती धक्क्यालगतच बुडाली. आत अठरा नौसैनिक होते. एकही वाचला नाही. पाणबुडी भर समुद्रात नव्हती. वर दिवे, क्रेन, माणसं, सगळं हजर होतं. तरी खाली उतरलेल्या डायव्हरना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तेल आणि गाळ मिसळलेल्या पाण्यात, वाकलेल्या धातूमधून ते हातांनी चाचपडत पुढे सरकत होते.

संपर्काची साधनं चांगली असती तर ते अठरा जण वाचले असते, असं मी म्हणत नाही. स्फोटाची तीव्रता पाहता तसं म्हणणं कोणालाच न्याय देणारं नाही. मला बोलायचंय ते त्या पाण्याबद्दल आणि त्यात संपर्क कसा साधायचा याबद्दल. मुंबईत लोकलच्या गर्दीत उभं राहून माणूस परदेशातल्या नातवाशी व्हिडिओवर बोलतो. त्याच शहराच्या धक्क्यावरून दहा मीटर खाली गेलेल्या माणसाशी बोलायचं तर बहुतेकदा वायर लागते, नाहीतर दोरीचे हिसके. अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग नियमावलीत आजही दोरीच्या हिसक्यांची भाषा शिकवली जाते. चार हिसके म्हणजे ‘मला वर ओढा’. ही पद्धत भरवशाची आहे म्हणूनच टिकली आहे. पण समुद्रात पूल, बोगदे, तेलवाहिन्या आणि सांडपाण्याचे नळ उभारणाऱ्या शहराचं दोरीवर किती दिवस भागणार, हा प्रश्न आता जाहीरपणे विचारायला हवा.

मोबाइलच्या रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात का चालत नाहीत, याचं उत्तर मिठात आहे. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि वीज वाहून नेणारा पदार्थ रेडिओलहरी शोषून घेतो. लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितक्या त्या लवकर विरतात. वायफायची लहर समुद्राच्या पाण्यात काही सेंटीमीटरही धड जात नाही. अगदी कमी वारंवारतेच्या लहरी काही मीटर, फार तर वीस-तीस मीटर खाली पोचतात, पण त्यासाठी अजस्र अँटेना लागतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचं ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे नौदलाचं केंद्र त्यासाठीच आहे आणि तेलंगणातल्या विकाराबादला दुसऱ्या केंद्राची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. किनाऱ्यावरून पाणबुडीला थोडक्यात आदेश द्यायला ही व्यवस्था योग्य. पुलाच्या खांबाचा फोटो वर पाठवायला तिचा काही उपयोग नाही.

मग उरतात दोन वाटा, ध्वनी आणि प्रकाश. दोन्ही वाटा अर्ध्या-अर्ध्या आहेत.

ध्वनी पाण्यात लांब जातो. १८२६ साली कोलादाँ आणि श्टुर्म या दोघा शास्त्रज्ञांनी जिनिव्हाच्या तळ्यात पाण्याखाली घंटा वाजवून त्याचा वेग मोजला होता. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला साधारण १५०० मीटर भरतो. हवेतल्या ध्वनीपेक्षा चौपटीहून जास्त, पण प्रकाशाच्या मानाने अगदीच सावकाश. एक किलोमीटरवरच्या यंत्राला ‘ऐकू येतंय का?’ विचारलं तर उत्तर येईपर्यंत सव्वा सेकंदाहून जास्त वेळ जातो. शिवाय ध्वनीची वाट अरुंद आहे. वारंवारता वाढवली की समुद्राचं पाणी, विशेषतः त्यात विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट, ध्वनी गिळायला लागतं. १० किलोहर्ट्झला किलोमीटरमागे सुमारे १ डेसिबल घट होते, १०० किलोहर्ट्झला ती तीसपटीवर जाते. म्हणून काही किलोमीटर अंतरावर चालणारे ध्वनी-मोडेम, म्हणजे माहिती ध्वनीत बदलून पाठवणारी यंत्रं, सेकंदाला काही हजार, फार तर काही दहा-हजार बिट (माहितीचे सर्वांत लहान तुकडे) पाठवतात. २ मेगाबाइटचा एक फोटो सेकंदाला १०,००० बिट या वेगाने पाठवला तर सुमारे २७ मिनिटं लागतात, आणि तीही सगळं सुरळीत चाललं तर.

मुंबईत सगळं सुरळीत चालत नाही, कारण इथला किनारा उथळ आहे. दहा मीटर पाण्यात सोडलेला ध्वनी पृष्ठभागावर आपटतो, तळावर आपटतो, पुन्हा वर जातो. पाचशे मीटरवरच्या यंत्राला आधी थेट आवाज ऐकू येतो आणि मागोमाग त्याचेच प्रतिध्वनी. साधा हिशेब केला तरी दहा वेळा आपटून आलेला प्रतिध्वनी साडेसहा मिलिसेकंद मागे राहतो. तेवढ्या वेळात मोडेमने पुढचे कित्येक बिट पाठवलेले असतात आणि सगळे एकमेकांत मिसळतात. दादर स्टेशनात दोन फलाटांवरच्या घोषणा एकाच वेळी सुरू झाल्या की दोन्हींतली गाडी कोणती हे कळत नाही, तसंच. त्यात लाटांनी पृष्ठभाग सतत हलता, बोटींच्या पंख्यांचा घरघराट, आणि पावसाळ्यात वरती गोड्या पाण्याचा थर. खोल, शांत समुद्रात चांगला चालणारा मोडेम ठाण्याच्या खाडीत अडखळतो यात नवल नाही.

प्रकाशाचं उलट आहे. वेग प्रचंड, माहिती वाहून नेण्याची ताकद सेकंदाला लाखो-कोटी बिटांची. तोच फोटो प्रकाशाने दोन-तीन सेकंदांत जातो. पण अंतर तोकडं. स्वच्छ महासागरात निळा-हिरवा प्रकाश वीस-पन्नास मीटर, उत्तम परिस्थितीत शंभरेक मीटरपर्यंत कामाला येतो. गढूळ पाण्यात मात्र त्याची पार दैना होते. अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या पेट्झोल्ड यांनी १९७२ मध्ये नोंदवलेली मोजमापं आजही या क्षेत्रात आधाराला घेतली जातात. त्यांच्या आकड्यांवरून हिशेब मांडला तर बहामासजवळच्या निवळ पाण्यात सरळ रेषेत जाणाऱ्या प्रकाशातला सुमारे २२ टक्के प्रकाश दहा मीटरनंतरही शिल्लक राहतो. सॅन दिएगोच्या बंदरात एका मीटरनंतरच ११ टक्के उरतो, तीन मीटरनंतर हजारात दीड, आणि पाच मीटरनंतर लाखात दोनाहूनही कमी. मुंबई बंदराचं पाणी सॅन दिएगोपेक्षा निवळ असेल, असं शिवडीच्या जेट्टीवर एकदाही उभा राहिलेला माणूस म्हणणार नाही.

म्हणून दोन्हींची जोडी लावायची कल्पना पुढे आली. ध्वनीने हाक मारायची, ठिकाण ठरवायचं, छोटे आदेश द्यायचे, खुशाली विचारायची. मोठा ऐवज, म्हणजे फोटो, व्हिडिओ, सोनारची (ध्वनीने पाण्याखालचं टिपणाऱ्या यंत्राची) चित्रं, महिन्याभराच्या नोंदी, यंत्र जवळ आल्यावर प्रकाशाने एका दमात उतरवून घ्यायचा. पाणी मध्येच गढूळ झालं तर प्रकाशाचा धागा तुटतो, पण ध्वनीचा राहतो, त्यामुळे संपर्क पूर्ण तुटत नाही. तो फक्त मंदावतो. ही कल्पना कालची नाही. एमआयटीच्या संशोधकांनी २००५ च्या सुमाराला अशा जोड-संपर्काचे पाण्याखालचे संवेदक (सेन्सर) करून दाखवले. अमेरिकेतल्याच वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेने २०१० च्या आसपास समुद्रतळावर ध्वनी आणि प्रकाश एकत्र वापरणारी व्यवस्था उभी केली आणि तिथून निघालेलं तंत्र आज बाजारात विकत मिळतं.

आपण ते विकत घ्यावं आणि मोकळं व्हावं, असा सल्ला मिळेल. मला तो मान्य नाही. त्यात स्वदेशीचा अभिमान आड येत नाही, आड येतं ते इथलं पाणी.

बाजारातली बहुतेक प्रकाश-मोडेम निळ्या रंगाभोवती बेतलेली आहेत, कारण स्वच्छ महासागरात निळा प्रकाश सर्वांत दूर जातो. किनाऱ्यालगतच्या पाण्यात चित्र बदलतं. कुजलेल्या पालापाचोळ्यातून, नद्यांतून, सांडपाण्यातून उतरलेली पिवळसर द्रव्यं आणि शेवाळ निळा प्रकाश आधी शोषतात. सर्वांत कमी घट होणारा रंग हिरव्याकडे, पुष्कळदा पिवळसर हिरव्याकडे सरकतो. किती सरकतो, हे ठिकाणागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. माहीमच्या खाडीत एक, वरळीच्या बाहेर दुसरं, करंजाजवळ तिसरं. हे मोजल्याशिवाय कोणता दिवा लावायचा हेसुद्धा ठरवता येत नाही. महागडं यंत्र आणून चुकीच्या रंगाचा प्रकाश पाण्यात सोडायचा आणि ‘हे तंत्रज्ञान मुंबईत चालत नाही’ असा शेरा मारून ते कपाटात ठेवायचं, असा धोका इथे खरोखर आहे.

दुसरी गोष्ट भरतीची. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती साडेचार मीटरच्या वर जाते. पावसाळ्यात अशा दिवसांची यादी महापालिका आधीच जाहीर करते. एवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं, तेव्हा तळाचा बारीक गाळ उसळतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत प्रवाह मंद असतो, गाळ खाली बसतो. आणि रोज भरती संपून ओहोटी लागायच्या आधी थोडा वेळ पाणी थबकतं. डायव्हर आपली कामं शक्यतो याच वेळेला करतात. बोंबलासाठी डोल जाळं लावणारा कोळी तर सगळा दिवसच या प्रवाहावर आखतो; कोणत्या तिथीला कुठे पाणी जोरात ओढणार आणि कुठे निवळणार, हे त्याला कोणत्याही संवेदकाआधी कळतं.

जोड-संपर्काचं मुंबईपुरतं गणित इथेच सुटू शकतं. प्रकाशाची खिडकी दिवसभर उघडी राहणार नाही, पण ती केव्हा उघडेल याचा अंदाज भरतीच्या तक्त्यावरून बांधता येतो. पुलाच्या खांबापाशी बसवलेल्या संवेदकाने उधाणाच्या दिवसांत फक्त ध्वनीने ‘मी ठीक आहे, हादरे नेहमीसारखे’ एवढं सांगावं. भांगाच्या दिवशी, पाणी थबकलेलं असताना, छोटं स्वयंचलित वाहन जवळ जावं, मीटर-दोन मीटरवर थांबावं आणि साठवलेली सगळी माहिती प्रकाशाने उचलून आणावी. ज्या जगप्रसिद्ध निबंधांत शंभर मीटरचे आकडे असतात, त्यांच्या मानाने दीड मीटर हा आकडा कोणाला क्षुल्लक वाटेल. माझ्या मते मुंबईला हवा असलेला विक्रम तोच आहे: उधाण, पाऊस, गाळ आणि शेवाळ सोसून वर्षभर रोज चालणारे दीड मीटर.

गढूळ पाण्याचा एक फायदाही आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. स्वच्छ, उथळ पाण्यात प्रकाश-संपर्काला दिवसा सूर्यप्रकाशाचा मोठा त्रास होतो. प्रकाश टिपणारा संवेदनशील ग्राहक (रिसीव्हर) त्याने दिपून जातो. मुंबईच्या खाडीत चार-पाच मीटर खाली भर दुपारीही जवळजवळ अंधारच असतो. म्हणजे तिथे अत्यंत संवेदनशील, एकेक प्रकाशकण टिपणारे ग्राहक दिवसाही वापरता येतील. आपल्या पाण्याकडे नुसतं अडचण म्हणून बघितलं तर अशा गोष्टी नजरेतून सुटतात.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे आणि ती प्रयोगशाळेत दिसत नाही. अटल सेतूच्या किंवा कोणत्याही जुन्या जेट्टीच्या खांबाकडे ओहोटीला पाहा. भरतीच्या रेघेखाली कालवं, शिंपले, शेवाळ यांचा जाड थर बसलेला असतो. उष्ण समुद्रात ठेवलेल्या काचेवर काही दिवसांतच बुळबुळीत पापुद्रा धरतो, मग त्यावर बाकीचे येऊन बसतात. ध्वनीच्या यंत्राला हे बरंच सोसतं. प्रकाशाच्या यंत्राची काच मात्र आंधळी होते. त्यावर उपाय आहेत. समुद्रशास्त्राच्या उपकरणांवर छोटे वायपर, तांब्याच्या झडपा, अतिनील दिवे वापरले जातात. मुंबईच्या पाण्यात यांतला कोणता उपाय सहा महिने टिकतो, कोणता सहा आठवड्यांत हात टेकतो, हे पाण्यात ठेवूनच कळेल. या कामाला चकाकी नाही, त्यावर परिषदेत टाळ्या मिळत नाहीत, पण व्यवस्था टिकणार की नाही हे यावरच ठरणार.

हे सगळं कोणासाठी, असा प्रश्न रास्त आहे. शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, २१.८ किलोमीटरपैकी सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावरून जातो. त्याच्या प्रत्येक खांबाभोवती प्रवाह तळ खरवडणार, ते वर्षानुवर्षं तपासावं लागणार. वरळी आणि वांद्र्याच्या सांडपाण्याच्या वाहिन्या किनाऱ्यापासून साधारण साडेतीन किलोमीटर आत जाऊन सांडपाणी सोडतात. त्या कुठे फुटल्या, कुठे बुजल्या, हे पाण्याखालूनच कळणार. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने मुंबई हायचं तेल शोधलं, तेव्हापासून किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर पाण्यात, वाहिन्यांचं जाळं पसरलं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा हिरा या तेलक्षेत्राजवळ बुडाला, कित्येक कामगार गेले, आणि त्याचं बुडालेलं धूड शोधायला नौदलाला सोनार घेऊन उतरावं लागलं. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला. पुराच्या चिखलपाण्यात एसटीच्या बसचा शोध चालू असताना क्रेनला लोहचुंबक बांधून तळ चाचपावा लागला आणि बस सापडायला आठवडा उलटून गेला. काठावर बसलेल्या नातेवाइकांचे ते दिवस ज्यांनी टीव्हीवर पाहिले आहेत, त्यांना पाण्याखालचा संपर्क हा नौदलाचा किंवा तेल कंपन्यांचा खासगी विषय वाटणार नाही.

वायर लावून काम होत नाही का? पुष्कळदा होतं, आणि जिथे होतं तिथे वायरच लावावी. एका जागी बसलेल्या यंत्राला, धक्क्याजवळच्या डायव्हरला, जहाजावरून सोडलेल्या यंत्राला वायरसारखा भरवसा दुसऱ्या कशाचाच नाही. पण खांबांच्या जंगलात, सोडून दिलेल्या जाळ्यांमध्ये, उलटसुलट प्रवाहात वायर अडकते. अडकलेली वायर यंत्र घालवते, आणि तिच्या टोकाला माणूस असेल तर जिवावर बेतते. शेकडो खांबांपाशी कायमचे संवेदक बसवायचे तर प्रत्येकाला समुद्रातून वायर ओढणं परवडणारं नाही. बिनतारी व्यवस्था हवी ती तिथे.

ध्वनीबद्दल आणखी एक गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे. समुद्र आधीच आवाजाने भरलेला आहे आणि त्यातला बराच आवाज तिथल्या रहिवाशांचा आहे. उष्ण, उथळ समुद्रात टिचक्या मारणाऱ्या कोळंबीचा कडकडाट अखंड चालू असतो. घोळ, ढोमा हे मासे विणीच्या काळात ढोल वाजवल्यासारखे घुमतात. मुंबईच्या किनाऱ्यालगत कुबडे डॉल्फिन आहेत. वाट काढायला, भक्ष्य शोधायला, पिल्लाला हाक मारायला त्यांच्याकडे ध्वनीच आहे. त्यांच्या घरात आपण जहाजांचे पंखे, पुलांचे पाइल ठोकण्याचे घण आणि गाळ काढणारी यंत्रं आधीच आणली आहेत. उद्या प्रत्येक खांबावर, प्रत्येक वाहिनीवर ध्वनी-मोडेम बसला आणि प्रत्येकजण जोरजोरात आपले फोटो ध्वनीनेच पाठवू लागला, तर त्या गोंगाटात आपलंही कोणाचं ऐकू येणार नाही आणि त्यांचंही नाही. जोड-व्यवस्थेच्या बाजूने माझं हे सर्वांत मोठं कारण आहे. जड ओझं प्रकाशावर टाकलं की ध्वनी थोडक्यात, हळू आवाजात आणि गरजेपुरता वापरता येतो. मुंबईच्या पाण्यात ध्वनी-संपर्काच्या वारंवारतेवर, तीव्रतेवर आणि वेळांवर नियम हवेत, आणि ते यंत्रं बसण्याआधी हवेत. हवेतल्या बहुतेक रेडिओलहरींसाठी परवाना लागतो. पाण्यातल्या लहरीही सामायिक मालमत्ता आहेत.

पैसा आणि माणसं आहेत का? आहेत, पण विखुरलेली. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये ४,०७७ कोटींच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. त्यातली ‘मत्स्य ६०००’ ही सहा हजार मीटर खोल जाणारी पाणबुडी चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था बनवते आहे. तिचा वरच्या जहाजाशी संपर्कही ध्वनीवरच अवलंबून आहे. कोचीला नौदलासाठी काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा पाण्याखालच्या ध्वनीत मुरलेली आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे स्वयंचलित वाहन घडवलं आणि त्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र खुद्द अंधेरीत आहे. पवईला आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा संघ वर्षानुवर्षं ‘मत्स्य’ नावाचीच स्वयंचलित वाहनं बांधून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरतो आहे. एवढं असूनही ठाण्याच्या खाडीत किंवा मुंबई बंदरात कोणालाही आपलं मोडेम आणून, सारख्याच अटींवर, वर्षभर पाण्यात ठेवून तपासता येईल अशी खुली जागा माझ्या माहितीत नाही. तरुण मुलं पोहण्याच्या तलावात चाचणी घेतात, कारण समुद्रात यंत्र ठेवायच्या परवानग्या मिळवता मिळवता शैक्षणिक वर्ष संपतं.

नौदलाची हरकत येईल आणि ती हलक्यात घेऊ नये. मुंबई हे नौदलाच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय आहे. बंदरात कोण काय ऐकतंय, कुठे कोणती यंत्रं बसली आहेत, हा सुरक्षेचा विषय आहेच. पण यावर वाट निघते. चाचणीचं क्षेत्र नौदलाच्या संमतीने आणि त्याच्या जागांपासून दूर ठरवता येतं. ध्वनीच्या कच्च्या नोंदी बंद ठेवून गढूळपणा, तापमान, प्रवाह, कोणता रंग किती दूर गेला, एवढं खुलं करता येतं. नाटोने २०१७ मध्ये ‘जेनस’ हे पाण्याखालच्या डिजिटल ध्वनी-संपर्काचं खुलं प्रमाण ठरवलं. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना निदान एकमेकांना ओळख देता यावी, हा त्यामागचा हेतू. लष्करी संघटना खुलं प्रमाण काढू शकते, तर नागरी कामासाठी आपण ते वापरायला किंवा त्याच्या जोडीला प्रकाशाचं स्वतःचं प्रमाण ठरवायला अडचण नसावी.

प्रमाणाचा आग्रह मी धरतो त्याचं कारण पैशाचं आहे. एका कंपनीचा ध्वनी-मोडेम आणि त्याच कंपनीचा प्रकाश-मोडेम, दोघांची आपसातली भाषा गुप्त, अशी व्यवस्था एकदा पुलाखाली बसली की पुढची तीस वर्षं दुरुस्ती, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर त्याच दारात मागावं लागतं. हा खर्च शेवटी टोल आणि करातूनच निघणार. ध्वनीवरून प्रकाशावर आणि परत ध्वनीवर केव्हा जायचं, हा निर्णय घेणारं सॉफ्टवेअर जोड-व्यवस्थेचा जीव असतो. ते इथे लिहिलेलं, इथे तपासलेलं आणि सर्वांना वाचता येईल असं असावं. यंत्रांचे सुटे भाग बाहेरून आले तरी चालतील.

म्हणून सुरुवात मोठ्या घोषणेने करू नये. बंदर प्राधिकरण, महापालिका आणि राज्य सरकारने मिळून खाडीत एक, बंदराबाहेर एक आणि सांडपाण्याच्या वाहिनीपाशी एक, अशा तीन जागा ठरवाव्यात. तिथे आधी वर्षभर फक्त पाणी मोजावं: गाळ किती, कोणता रंग किती मीटर पोचतो, पार्श्वभूमीला आवाज किती, काचेवर काय आणि किती दिवसांत बसतं. नोंदी दर आठवड्याला सर्वांसाठी प्रसिद्ध कराव्यात. दुसऱ्या वर्षी त्याच जागी विद्यार्थ्यांना, नवउद्योगांना आणि परदेशी कंपन्यांनाही सारख्याच अटींवर यंत्रं उतरवू द्यावीत. जागा ठरवताना वरळी, माहीम, ट्रॉम्बे, मोरा, करंजाच्या मच्छीमार संस्था टेबलावर असाव्यात आणि नुसत्या सहीपुरत्या नसाव्यात. डोल जाळ्यांच्या ओळीत यंत्र टाकलं तर जाळंही जाईल आणि यंत्रही. शिवाय पाण्यात ठेवलेलं यंत्र बघायला, पुसायला, वादळाआधी उचलायला बोट लागणार. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोळीवाड्यांतल्या बोटी किनाऱ्याला असतात. उघड्या समुद्रातली कामं त्या दिवसांत थांबतील, पण खाडीच्या आतल्या जागांची देखभाल याच बोटींना आणि त्यांच्या तांडेलांना (म्होरक्यांना), ठरलेल्या दराने, करारावर द्यावी. आणि समुद्रातल्या पुलांच्या तपासणीची पुढची निविदा निघेल तेव्हा तिच्यात एवढी अट घालावी की पाण्याखाली गोळा झालेली माहिती आणि ती वाहून आणणाऱ्या मोडेमची भाषा, दोन्ही जनतेच्या मालकीची राहतील.